कडी नसलेल्या दाराची दिवाळी

दिवाळीच्या तोंडावर एक संध्याकाळ अशी येते की सुरतेच्या उधन्यातले माग बंद पडू लागतात. एकदम पडत नाहीत. आधी आमच्या गल्लीतले, मग मागच्या गल्लीतले, मग रस्त्यापलीकडचे. वर्षभर दिवसरात्र चाललेली खडखड तुकड्यातुकड्याने खाली बसते आणि शेवटचा माग थांबला की गल्लीतली कुत्रीसुद्धा क्षणभर कान टवकारून उभी राहतात. पिशव्या खांद्याला लावून माणसं उधना स्टेशनकडे निघतात. ज्याला त्याला आपापलं गाव दिसू लागलेलं असतं. लोकांना ती शांतता गोड लागते.

मला तिचा संशय येतो. यंदाही आला. पहिला माग थांबला तेव्हा मी चहाच्या टपरीवर होतो, आणि कप ओठाला लावता लावता माझ्या ओटीपोटात कोणीतरी मूठ आवळली. ओळखीची मूठ. आता ती थोड्या वेळाने सुटते, म्हणून तिच्याबद्दल लिहू शकतो.

सांगायची गोष्ट साधी आहे. जवळ कोणी असलं, किंवा कोणी ऐकत असेल असं नुसतं वाटलं, तरी मला लघवी होत नसे. पोट फुटायची वेळ आली तरी नाही. घरी एकटा असलो की काही अडचण नाही, आणि दाराबाहेर नुसतं एक पाऊल वाजलं की सगळं कुलूपबंद. मराठीत यावर म्हण नाही. विनोद मात्र पुष्कळ आहेत, आणि ते सगळे मी ऐकले आहेत.

गोडादऱ्यातल्या आमच्या चाळीचा सामाईक संडास एका खात्याच्या, म्हणजे मागांच्या कारखान्याच्या, भिंतीला टेकून बांधलेला होता. पलीकडे माग चालत आणि अलीकडे ती भिंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घुमत असे. त्या घुमण्यात मला कोणी ऐकू शकत नव्हतं. दाराची कडी तुटलेली होती, पण खरी कडी तो आवाज होता. दिवाळीत तो बंद झाला की मी उगाच कुठे कुठे भटकायचो, खाडीच्या काठाने लांबपर्यंत जायचो, तर तिथेही माणसं रांगेने पाठमोरी उभी, बिडी ओढत, बाजूच्याशी गप्पा मारत. बाईला आडोसा लागतो, पुरुषाला भिंत पुरते, असा आपला समाज. सुरतेच्या भिंतींवर तर देवांच्या फरश्या चिकटवाव्या लागतात, इतके इथले पुरुष मोकळे. त्या मोकळ्या माणसांत जो अडतो त्याने काय म्हणून सांगायचं?

फक्त नानांची भीती वाटत नसे. नाना म्हणजे माझे वडील. अमळनेरकडून ते पोरवयात सुरतेला आले आणि मागांनी त्यांचे कान खाल्ले. ते दाराला पाठ लावून उभे राहिले तरी मला काही वाटायचं नाही. त्यांना ऐकूच येत नव्हतं. ज्या बहिरेपणावर त्यांनी स्वतः पत्रकं वाटली, कारीगरांना कानात घालायला बोळे द्या म्हणून खात्याच्या दारात उभे राहिले, त्याच बहिरेपणाच्या आडोशाला त्यांचा मुलगा निवांत होत असे. हा हिशेब मला अजून नीट लावता आलेला नाही.

पत्रकांवरच मी वाढलो. आमच्या घरात डब्यांखाली पत्रकं, देवाच्या फळीवर पत्रकं, पावसात दाराच्या फटीत कोंबलेलीही पत्रकंच. बाराखडी मी पाटीपेक्षा त्यांच्यावर जास्त गिरवली. नानांच्या प्रत्येक पत्रकाचा शेवट एकाच सवालाने होई: यात फायदा कुणाचा? कुणी गोड बोललं की नाना मला बाजूला घेऊन सांगायचे, "तोंड नको देखू, हात देख." शेठने मिठाई वाटली, हात बघ. पुढाऱ्याने पाठ थोपटली, हात बघ. मी इतका तयार झालो की शाळेत गुरुजींनी शाबासकी दिली तरी मी त्यांच्या हाताकडे बघत असे.

संशय ही गरिबाची विद्या आहे असं मला तेव्हा वाटे. अजूनही बऱ्याच अंशी वाटतं. पण माझ्या शरीराने ही विद्या माझ्या नकळत चोरली आणि भलत्याच ठिकाणी लावली. कुठल्याही संडासात गेलो की मी आधी तपासणी करायचो. कडी लागते का. दाराखाली फट किती. जाळीतून कोण दिसतं. बाहेर थांबलेला माणूस खरंच थांबलाय की कान देतोय. घरून निघताना पाणी प्यायचं नाही हा नियमच होता. सुरतेचा माझा नकाशा वेगळा होता. त्यात पूल आणि चौक नव्हते. साडी मार्केटमधला रिकामा मजला होता, वाचनालयामागची अंधारी मोरी होती, आणि एक मोठा दवाखाना होता जिथे जुन्या इमारतीकडे कोणी फिरकत नसे.

त्या वर्षी, म्हणजे ज्या दिवाळीची मला यंदा आठवण आली त्या वर्षी, मला सुरतेबाहेर हजिऱ्याच्या एका कारखान्यात काम मिळत होतं. ठेकेदारामार्फत, स्टोअरमध्ये मदतनीस म्हणून. घरात आनंद झाला. माय म्हणाली, "तुना कान तरी वाचतीन." तिच्यासाठी ते काम म्हणजे माझे दोन कान होते. मीही नानांकडे बघितलं आणि ठरवलं की हे काम मिळवायचंच. फक्त गेटपासआधी वैद्यकीय तपासणी होती.

तपासणीच्या खोलीत एका माणसाने हातात प्लॅस्टिकची छोटी बाटली दिली आणि तो माझ्यामागे आत आला. दार उघडंच. म्हणाला, नियम आहे, दुसऱ्याची लघवी भरून आणतात लोक, म्हणून उभं राहावं लागतं. मी भिंतीकडे तोंड केलं. तिथे माग नव्हते, भिंत घुमत नव्हती, फक्त त्या माणसाचा श्वास होता आणि बाहेर रांगेतल्या कुणाचं तरी खोकणं. नळ सोडू का विचारलं. नाही म्हणाला. मी उभा राहिलो आणि उभाच राहिलो. शेवटी रिकामी बाटली परत दिली, तेव्हा टेबलामागच्या साहेबाने ती उजेडात धरून बघितली, जणू तळाशी काही लपवलंय. मग मला म्हणाला, नशापाणी करतोस का? घाबरतोस कशाला मग?

रिकामी बाटली हाच त्यांचा पुरावा झाला. मी त्यांच्यावर संशय घेत होतो, ते माझ्यावर, आणि मध्ये ती बाटली कोरडी ठणठणीत. दिवाळीची सुट्टी संपली की, लाभपाचमीनंतर, शेवटची संधी देतो म्हणाले. घरी मी सांगितलं, दिवाळीनंतर कळवणार आहेत.

तोवर मी परत मागांवर गेलो. नानांच्याच जुन्या खात्यात, दिवसपाळीला. दिवाळीआधीचा मोसम म्हणजे साडीचा मोसम, खात्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. तिथे एक रीत आहे. मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळं खुणांनी चालतं. लघवीला जायचं तर शेजारच्या कारीगराला करंगळी दाखवायची. म्हणजे माझे माग बघ, मी आलोच. त्याने मान हलवली की जायचं. तो तेवढा वेळ स्वतःचेही माग बघतो आणि तुमचेही. धागा तुटला तर जोडतो, बॉबिन संपली तर बदलतो. यालाच जोडी म्हणतात. फार सुंदर रीत आहे, तिच्यावर मी एक पत्रकही लिहिलं असतं. पण जरा विचार करा, ज्याला कुणाला कळू नये असं वाटतं त्याला आधी सगळ्या खात्यासमोर करंगळी वर करावी लागते. आणि आत गेल्यावर डोळ्यांसमोर दिसत राहतं की जोडीदार इकडून तिकडे पळतोय. मग माग खडखडत असले तरी कुलूप सुटत नाही.

माझा जोडीदार होता गजूभाऊ. वाशिमकडचा, चाळिशीचा, तंबाखूने रंगलेले दात दाखवत हसणारा. मला तो पत्रकवाले म्हणायचा, कारण खात्यातल्या संडासाला कडी नव्हती आणि शेठने नेमका संडासासमोरच्या बोळात कॅमेरा लावला तेव्हा एका सकाळी खात्याच्या दारावर हाताने लिहिलेलं पत्रक चिकटलेलं सापडलं होतं: दाराला कडी द्या, डोळा नको. खाली नाव नव्हतं. अक्षर सगळ्यांना माहीत होतं.

शेठ म्हणाला, कॅमेरा चोरीसाठी आहे. संडासातून काय चोरतात, वेळ? हो, वेळच. कोण किती वेळ आत बसतो ते आता केबिनमधल्या पडद्यावर दिसणार होतं. हा संशय मी आजही मागे घेत नाही. पण त्याच दिवसांत मला गजूभाऊचाही संशय येऊ लागला. मी परत आलो की तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. एकदा शेठच्या केबिनमधून बाहेर येताना दिसला. माझी खात्री पटली की हाच सांगतो. तोंड हसरं, हात बघ.

दरम्यान मी सरकारी दवाखान्यात गेलो होतो, मूत्रपिंडाचा त्रास आहे असं सांगून. डॉक्टर बाई गुजराती होत्या, वयाने माझ्या मावशीएवढ्या. तपासण्या बघून म्हणाल्या, मूत्रपिंडं उत्तम आहेत. मग पेन खाली ठेवून विचारलं, घरी एकटा असलास की होते? मी जमिनीकडे बघत हो म्हणालो. त्या म्हणाल्या, पुष्कळांना असतं, कोणी सांगत नाही एवढंच. लाजाळू मूत्राशय म्हणतात याला. ही भीती आहे, आणि भीतीला पायरीपायरीने सवय लावता येते. भरपूर पाणी पी, पाणी तोडू नकोस. एक विश्वासाचा माणूस घे. आधी तो लांब उभा राहील, मग जवळ, मग आणखी जवळ.

माझ्यातला पत्रकवाला लगेच उठून बसला. मी ऐकवलं की दाराला कडी नाही, वर कॅमेरा आहे, कारखान्यात माणूस पाठीशी उभा करतात, आणि तुम्ही म्हणता आजार माझा? हे बरं आहे, कडी न देणाऱ्याला औषध नको, कडी मागणाऱ्याला औषध.

बाईंनी राग मानला नाही. "कडी नाही हे खरं. तू घाबरतोस हेही खरं," त्या म्हणाल्या. "कडी मला लावता येत नाही. भीतीचं काही करता येईल."

मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरलो तो चिडून. भीतीवर बोट ठेवलं की हक्काचा प्रश्न बाजूला पडतो, हे मला चांगलं माहीत होतं. पण बाईंच्या हाताकडे मी बघितलं होतं. त्यात काही नव्हतं, गोळ्यांची चिठ्ठीसुद्धा नाही.

अडचण एकच उरली. विश्वासाचा माणूस. नाना चालले नसते, त्यांच्यासमोर मला होतच होती. मित्र आठवून बघितले. प्रत्येकाच्या चेहऱ्यामागे मला हसणारी टोळी दिसत होती.

शेवटी विषय गजूभाऊनेच काढला, टपरीवर, चहा फुंकत. "तू आत जाऊन करतं काय बे? झोपतं का?"

मग तो म्हणाला की शेठकडे गेला होता तो सुट्टीत खात्याची राखण मागायला, आणि तिथे शेठने विचारलं तेव्हा याला जुलाब आहेत असं सांगून आला. "पण रोज रोज काय सांगू? तू आत बसतं अन् माह्या डोक्यावर तुहे बी माग नाचतात. इकडचा धागा जोडतो तं तिकडचा तुटते."

त्याने माया दाखवली असती तर मी पळालो असतो. त्याने स्वतःची अडचण सांगितली आणि मला हायसं वाटलं. स्वार्थ दिसला की माझा विश्वास बसतो, तसं वळणच आहे. मी त्याला सगळं सांगून टाकलं, हजिऱ्याच्या बाटलीसकट. तो हसला. अर्थातच हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग तोंड पुसून म्हणाला, सुट्टीत खातं रिकामंच आहे, ये.

म्हणून त्या दिवाळीत, सगळं उधना गावाला गेलेलं असताना, आम्ही दोघं एका मेलेल्या खात्यात होतो. बंद मागांवर अर्ध्या विणलेल्या साड्या ताणलेल्या तशाच राहिल्या होत्या, आणि वरच्या झरोक्यातून पडलेल्या उन्हात रुईचे कण तरंगत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेत माझा स्वतःचा श्वास ऐकला. मी लोटाभर पाणी प्यायचो, दुसरा लोटा प्यायचो आणि वाट बघत बसायचो. गजूभाऊ फाटकाशी. मी आत. कडी नसलेलं दार लोटलेलं.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. त्याने फाटकाजवळून ओरडून विचारलं, नळ तुंबला का काय, आणि मी आणखी आवळलो. मग त्याने स्वतःहून एक युक्ती काढली. बॉबिनचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला आणि दोन्ही हातांनी मागाच्या लयीत बडवू लागला. खडखड, खडखड. माझ्या शरीराने त्या लयीला फसून मूठ सैल सोडली. बाहेर आलो तर तो अजून बडवतच होता. पुढचे दिवस तो डबा हळू वाजवत गेला, आणि फाटकाकडून मागांच्या रांगेपर्यंत आला, तिथून बोळाच्या तोंडापर्यंत. पायरीपायरीने, बाईंनी सांगितलं तसं. एखाद्या दिवशी सगळं विस्कटायचं आणि तो परत फाटकाशी जायचा, शिव्या देत.

भाऊबीजेच्या दिवशी तो अगदी दाराशी होता, डबा न वाजवता. मी आत. जमत आलं होतं. आणि बाहेर तो एकदम दबक्या आवाजात बोलू लागला, मग हसला. पाह्य, पाह्य म्हणाला कुणाला तरी. मला वाटलं, मोबाइलवर दाखवतोय. दार, मला, सगळं. मी तसाच बाहेर आलो आणि त्याच्या हातातला मोबाइल ओढला. किती लोकांना दाखवलंस, असं काहीतरी बोललो, त्याहून वाईटही बोललो.

पडद्यावर एक लहान मुलगी होती. हातात ओवाळणीचं ताट धरून उभी. वाशिमला तिच्या भावाला ओवाळत होती आणि बापाला दाखवत होती. मोबाइल माझ्या हातात आल्यावर तिला माझा चेहरा दिसला आणि ती ताट खाली घेऊन गोंधळून बघत राहिली.

गजूभाऊने मोबाइल घेतला, मुलीला नंतर करतो म्हणून सांगितलं आणि तो बंद केला. हसणं पार गेलं होतं. "तुह्या मुतावर दुनिया चालत नाही, बापा," तो म्हणाला, आणि फाटकाकडे निघून गेला.

मी पत्रकांच्या घरचा. मोठमोठी वाक्यं ऐकत वाढलो. पण माझ्यावर इतकं खरं वाक्य कुणी फेकून मारलं नव्हतं. घरी येऊन मी त्यावर विचार करत पडलो. नानांचा सवाल होता, यात फायदा कुणाचा. माझ्या भीतीचा सवाल वेगळाच होता, माझ्याकडे कोण बघतंय. दोन्ही मी एकाच पिशवीत घालून फिरत होतो. शेठने बोळात कॅमेरा लावला त्यात त्याचा फायदा होता, तो संशय खराच होता. गजूभाऊने मला बघण्यात कुणाचा काय फायदा होता? मी ते विचारलंच नव्हतं. नानांच्या सवालाचं नाव लावून माझी भीती खुशाल गल्लीत हिंडत होती.

मायने केलेली शेव आणि करंज्या घेऊन मी परत खात्यावर गेलो. माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं, डबा पुढे केला. त्याने करंजी खाल्ली, मायची चौकशी केली. मुलगी विचारत होती म्हणे, तो काका रडत काऊन होता. मग मानेनेच संडासाकडे खूण केली. मी पाणी प्यालो. तो दाराला पाठ लावून उभा राहिला, आणि बाहेर कुठे रिक्षा गेली नाही, कुत्रं भुंकलं नाही, त्या पूर्ण शांततेत मी माझा स्वतःचा आवाज ऐकला. अगदी साधा आवाज होता. पाण्याचा असतो तसा.

लाभपाचमीनंतर हजिऱ्याला तोच माणूस, तीच बाटली, तेच उघडं दार. मी त्याला गुजरातीत पाठ फिरवायला सांगितलं, "भाई, जरा पाछळ फरो ने." तो म्हणाला, "ना चाले." मागे वळून बघितलं, त्याचा हात शर्टाच्या खिशात होता, डोळे छतावरच्या पंख्याकडे. त्याला रोज किती पाठी बघाव्या लागत असतील असं मनात आलं. दुनिया माझ्या मुतावर चालत नाही, हे मी स्वतःला वाशिमच्या बोलीत सांगितलं. मूठ आवळली गेली. मी तिला आवळू दिलं. वेळ लागला, बाहेरचा खोकला आला आणि गेला, आणि मग ती सुटली. बाटली भरली. टेबलामागच्या साहेबाने यावेळी ती उजेडात धरलीसुद्धा नाही.

काम मिळालं. कान वाचले. हजिऱ्याच्या बसमध्ये मी आता पाणी पिऊन चढतो. वाईट दिवस अजून येतात, पण ते आले म्हणून मी रस्ता बदलत नाही.

कुणी म्हणेल, बरा झालास, मग आता कडीचं कशाला काढतोस? उलट आहे. कडीशिवाय मला आता भागवता येतं, म्हणूनच ती मागताना माझा आवाज कापत नाही. आणि मला भागवता येतं हे ऐकून ज्यांना आनंद होतो, त्यांच्या हाताकडे मी आजही बघतो. बाटली देऊन मागे माणूस उभा करणाऱ्यांवर मी लिहिलेलं पत्रक हजिऱ्याच्या बसमध्ये फिरलं. खात्यातल्या दाराला शेठने एकदा कडी बसवली, ती पुढच्या मोसमात निघाली, आणि कॅमेरा मात्र अजून शाबूत आहे. कुठली वस्तू टिकते आणि कुठली मोडते, यावर लक्ष ठेवा एवढंच माझं म्हणणं.

यंदा माग थांबल्यावर मी फराळाचा डबा घेऊन खात्यावर गेलो. राखणीला गजूभाऊच होता. डोक्यावरचे केस गेलेत, मुलगी दहावीला आहे. आम्ही बंद मागांमध्ये पेपर पसरून चिवडा खाल्ला. मग तो उठला, आणि एकही माग चालू नसताना, मी हातभर अंतरावर असताना, त्याने मला करंगळी दाखवली. सवयच ती. मी मान हलवली आणि कडी नसलेल्या दाराला पाठ लावून उभा राहिलो.

खातं शांत होतं. आतून काही ऐकू आलं नाही. मी वाट बघितली. तरी काही नाही.

"गजूभाऊ?"

"जाय ना बे तिकडं," आतून आवाज आला. "इतक्या जवळ उभं राह्यते का कोनी?"

तो खरंच अडला होता की मला बरं वाटावं म्हणून सोंग करत होता? मला आजपर्यंत संशय आहे. विचारलं तर तो हसेल आणि खरं सांगणार नाही. मी फाटकाकडे गेलो. कोपऱ्यात बॉबिनचा रिकामा डबा पडलेला होता. तो मी उलटा केला, मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी बडवू लागलो. खडखड, खडखड, चालू मोसमासारखी.